कॅनचा 'तागो मागो' (१९७१): वाजवलं उत्स्फूर्त, रचलं ब्लेडने. पद्धत काय होती, आज कशी वापरायची?

तबकडी (धागाकर्ता)

'तागो मागो' या दोन तबकड्यांच्या अल्बमचा विषय निघाला की चर्चा "चौघं-पाचजण बसले, सुचेल ते वाजवलं, रेकॉर्ड झालं" इथे येऊन थांबते. हे अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा धागा.

आधी जुळवाजुळव. कॅन हा जर्मनीतल्या कोलोनचा रॉक बँड, १९६८ साली जमलेला. होल्गर चुकाय (बास, रेकॉर्डिंग, संपादन) आणि इर्मिन श्मिट (ऑर्गन, इलेक्ट्रॉनिक्स) हे दोघे कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेन या आधुनिक संगीतकाराचे विद्यार्थी. याकी लीबेत्साइट (ड्रम) फ्री जॅझमधून (ठरलेला ठेका न पाळणाऱ्या मुक्त जॅझमधून) आलेला, मानफ्रेड शोफच्या गटात वाजवून. मिखाएल करोली (गिटार, व्हायोलिन) बाकीच्यांपेक्षा दहा वर्षांनी लहान, चुकायचाच शिष्य. पहिला गायक माल्कम मूनी अमेरिकेला परतला. मे १९७० मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाणारा दामो सुझुकी चुकाय आणि लीबेत्साइटला दिसला आणि त्याच संध्याकाळी 'ब्लो अप' क्लबच्या मंचावर तो त्यांच्यासोबत गात होता. तालीम नाही, काही नाही.

रेकॉर्डिंग झालं कोलोनजवळच्या श्लोस नॉर्वेनिख या जुन्या गढीत. जागा मालकाने भाडं न घेता दिलेली. काळ नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१. यंत्रं दोन, दोन्ही दुपदरी, म्हणजे डावा आणि उजवा एवढेच पदर. आठ किंवा सोळा ट्रॅकची चैन नव्हती.

आता मुद्दा. टेपवर उतरलं ते तासन् तास चाललेलं वाजवणं. आपण ऐकतो ते त्यातून कापून, सांधून, थर चढवून केलेलं काम. बँडला 'जॅम' हा शब्दच मान्य नव्हता. आपण करतो ती तत्क्षणी केलेली रचना आहे, असं श्मिट म्हणत असे. आणि त्या रचनेचा दुसरा टप्पा चुकायच्या ब्लेडखाली व्हायचा. वाद्यं जुळवताना किंवा बिघाड दुरुस्त होईपर्यंत मंडळी सहज वाजवत बसत, तेव्हाही चुकाय यंत्र चालू ठेवायचा, वाजवणाऱ्यांना न सांगता. त्यातलेही तुकडे अल्बममध्ये आहेत.

चारही बाजूंच्या वेळा बघा (आवृत्तीनुसार काही सेकंद इकडेतिकडे):

पहिली: 'पेपरहाउस' ७:२८, 'मशरूम' ४:०३, 'ओ येह' ७:२३. एकूण १८:५४
दुसरी: 'हॅलेलुवा' १८:३२
तिसरी: 'आउम्गन' १७:३७
चौथी: 'पेकिंग ओ' ११:३७, 'ब्रिंग मी कॉफी ऑर टी' ६:४७. एकूण १८:२४

चारही बाजू साडेसतरा ते एकोणीस मिनिटांत बसतात. बाजू वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेली की खोबण्या एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात, मग आवाज कमी करावा लागतो आणि बास आधी मरतो. बास आणि ड्रमवर उभ्या असलेल्या अल्बमला ते परवडलं नसतं. कुठे थांबायचं हे माहीत असलेल्या माणसाने कापलेलं काम आहे हे.

ज्यांना रेकॉर्डिंगमधलं कळतं त्यांनी भर घालावी.

---

नवी_बासगिटार

उत्तम धागा. थेट प्रश्न विचारते. ड्रम, बास, गिटार, कीबोर्ड असा चौघांचा संच, १२ बाय १४ फुटांची खोली, हातात दोन चॅनेलचा रेकॉर्डर. या पद्धतीने काही करायचं तर सुरुवात कुठून?

---

लयकारी

ड्रमपासून. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

लीबेत्साइट फ्री जॅझ सोडून आला तेव्हा त्याने ठरवून उलटी वाट धरली: तोच ठेका, त्याच वजनाने, पुन्हा पुन्हा. 'हॅलेलुवा' नीट ऐका. साडेअठरा मिनिटांत बहुतेक सगळा वेळ एकच चाल. पण सूक्ष्म बदल सतत चालू असतात. कुठे हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) जरा उघडी, कुठे स्नेअरवरचा हलका ठोका जास्तीचा. मुख्य ठोके मात्र जागचे हलत नाहीत.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजायला सोपं जावं. ख्यालाच्या मैफलीत तबलजी ठेका धरून ठेवतो म्हणून गवयाला मोकळं सुटता येतं. इथेही ड्रम ठेका धरतो आणि गिटार, ऑर्गन, गाणं त्यावर हिंडतं. फरक असा की इथे बंदिश नाही, तिहाई घेऊन समेवर येणं नाही. त्यामुळे प्रसंग संपला हे सांगणारी खूणच नसते. ती खूण संपादकाला कापून तयार करावी लागते.

आणि कापणं शक्य होतं तेही या ठेक्यामुळे. तिसऱ्या मिनिटाचं आवर्तन आणि चाळिसाव्या मिनिटाचं आवर्तन लयीला आणि वजनाला सारखं असेल तरच मधली सदतीस मिनिटं काढून दोन टोकं जोडता येतात. ड्रमर दर चार आवर्तनांनी मोठा रोल मारत असेल किंवा रंगात येऊन लय वाढवत असेल, तर कापायला जागाच उरत नाही.

तुमच्या ड्रमरसाठी सराव: चार ठोक्यांचं एक आवर्तन ठरवा, मिनिटाला १०० ते ११०च्या दरम्यान. क्लिक (लय दाखवणारी टकटक) फक्त पहिला अर्धा मिनिट कानात द्या, मग बंद करा. वीस मिनिटं वाजवा, रोल नाही, क्रॅश नाही. नंतर रेकॉर्डिंगमधल्या पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाची लय मोजा. मिनिटाला २ ठोक्यांपेक्षा जास्त फरक पडला तर अजून सराव हवा. बहुतेक वेळा पाचव्या ते आठव्या मिनिटाच्या दरम्यान लय वर सरकते, कारण त्या सुमारास गिटारवाला जोरात येतो आणि ड्रमर त्याच्यामागे ओढला जातो.

---

सांधेजोड

टेपच्या बाजूचं मी लिहितो. सविस्तर लिहितो, कारण "ब्लेडने कापलं" म्हणताना प्रत्यक्ष हातात काय होतं हे फार कोणी सांगत नाही.

स्टुडिओची टेप पाव इंच रुंद, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर किंवा त्याच्या निम्मा, १९. वेळ म्हणजे लांबी, हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं. ३८च्या वेगाने मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एक ठोका साधारण २२.९ सेंटिमीटर आणि चार ठोक्यांचं आवर्तन ९१.४ सेंटिमीटर. चांगला संपादक टेपपट्टी लावून आवर्तनं मोजू शकतो. 'हॅलेलुवा'ची लांबी या वेगाने सव्वाचारशे मीटर भरेल. साडेदहा इंची रिळावर ७६२ मीटर टेप मावते, ३८च्या वेगाने ती ३३ मिनिटांत संपते आणि १९च्या वेगाने ६६ मिनिटांत. लांबलचक वाजवणं टेपवर घ्यायचं तर वेग कमी करण्याचा मोह होतो. पण वेग निम्मा केला की खरखर वाढते आणि कापायच्या जागाही निम्म्या अंतरावर येतात, चूक लगेच ऐकू येते.

कापण्याची रीत अशी. दोन्ही रिळं हाताने मागेपुढे फिरवत टेप वाचनाच्या हेडवरून नेतात. हळू फिरवल्यामुळे आवाज खर्जात घरंगळतो, त्यात किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका 'धुप्' असा स्पष्ट लागतो. ठोका सुरू होण्याच्या अगदी आधी थांबायचं. टेपच्या पाठीवर, हेडच्या बरोबर मध्यावर, मेणाच्या पेन्सिलीने बारीक रेघ. पाठीवरच, आणि हेडला मेण लागू द्यायचं नाही. हेडवर मेण बसलं की वरच्या पट्टीचे आवाज बोथट होतात आणि कारण पटकन सापडत नाही. मग टेप ॲल्युमिनियमच्या खाचपट्टीत बसवून, रेघ तिरप्या चिरेवर आणून, एका दमात काप. दुसऱ्या टोकाचा तसाच. दोन्ही टोकं एकमेकांना भिडवायची. फट नको, एकावर एक चढलेलीही नकोत. वरून पाठीच्या बाजूने जोडपट्टी, साधारण दोन सेंटिमीटर लांब. नखाने घासून खालचा हवेचा बुडबुडा घालवायचा.

काय बिघडतं:

साधी चिकटपट्टी वापरली तर काही महिन्यांत तिचा गोंद कडेने ओघळतो आणि रिळावरचा पुढचा वेढा त्याला चिकटतो. जोडपट्टी मुद्दाम टेपपेक्षा अरुंद, ५.५ मिलिमीटरची असते, म्हणजे कडेला काही बाहेर येत नाही.

ब्लेड चुंबकित झालेलं असेल तर प्रत्येक सांध्यावर 'टक्' असा आवाज उमटतो. ब्लेड डीमॅग्नेटायझरवरून फिरवून घ्यायचं. धार गेली की लगेच बदलायचं, बोथट पातं टेप कापत नाही, ओढतं.

काप सरळ नसतो, ४५ अंशांत तिरपा असतो. त्यामुळे जुना आवाज विरत जातो आणि नवा चढत येतो. पाव इंची टेपवर ३८च्या वेगाने ही सरमिसळ सुमारे १७ मिलिसेकंदांची, १९च्या वेगाने दुप्पट. पण दुपदरी टेपवर तिरप्या कापाचा एक तोटा आहे: एक कान दुसऱ्याच्या काही मिलिसेकंद आधी नव्या तुकड्यात जातो. हेडफोनवर आवाज क्षणभर एका बाजूला झुकल्यासारखा वाटतो. म्हणून स्टिरिओ टेपवर काप जास्त उभा घेतात.

झांज हा सगळ्यात मोठा शत्रू. कापाच्या आधी झांज वाजली असेल तर तिची लांबणारी गुंज मध्येच तुटते आणि अनोळखी कानालाही कळतं. उपाय एकच: कापाच्या दोन्ही बाजूंना झांजेची स्थिती सारखी असेल अशी जागा शोधायची, नाहीतर नव्या तुकड्याच्या पहिल्याच ठोक्यावर काहीतरी मोठं वाजत असलं पाहिजे, ज्याखाली तुटलेली गुंज झाकली जाईल. 'मशरूम'च्या शेवटी होणारा आणि 'ओ येह'ला सुरुवात करून देणारा स्फोटाचा आवाज आठवा. तिथे दोन वेगळ्या खोल्या, दोन वेगळ्या लयी शेजारी आल्या असत्या तरी चाललं असतं, कारण स्फोटाने मधलं सगळं धुऊन काढलं आहे.

---

मंद्र

सांधेजोड, प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

एक शंका. दोनच पदर असताना त्यावर नंतर गाणं किंवा दुसरी गिटार कशी चढवायची? एका पदरावर बँड आणि दुसऱ्यावर गाणं असं केलं तर स्टिरिओ उरत नाही.

---

सांधेजोड

म्हणूनच यंत्रं दोन. पहिल्यावरची टेप वाजवायची, तिचा आवाज मिक्सरमध्ये घ्यायचा, त्यात माइकमधून येणारं नवं गाणं मिसळायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर. अजून एक थर हवा असेल तर आता दुसरं यंत्र वाजवायचं आणि पहिल्यावर नव्या टेपवर उतरवायचं.

किंमत दोन प्रकारची. पहिली खरखरीची. प्रत्येक नक्कल आपली खरखर जोडते: एका नकलेनंतर ३ डेसिबल वाढ, तीन नकलांनंतर ६. शिवाय प्रत्येक वेळी वरचा चकाकता भाग थोडा झिजतो. दुसरी किंमत जास्त मोठी: मिसळलेलं परत वेगळं होत नाही. गाणं जरा मोठं झालं असं दुसऱ्या दिवशी वाटलं तर मागच्या पिढीच्या टेपवर जाऊन तो थर पुन्हा गायचा. त्यामुळे निर्णय तिथल्या तिथे, कानाने घ्यावे लागतात. 'तागो मागो'चा आवाज एकसंध का वाटतो याचं एक कारण हेच. मिक्सिंग नावाचा वेगळा टप्पा नाही, वाजवताना आणि थर चढवताना जे ठरलं तेच अंतिम.

---

तबकडी

नवी_बासगिटार, तुमच्या संचाला लागेल तेवढं सांगतो. दोन चॅनेल म्हणजे अडचण असं मानू नका. त्या गढीत जे शिस्तीने करावं लागलं तेच करायचं.

१) रेकॉर्डरचे दोन माइक (किंवा एक जोडी) ड्रमच्या समोर, ड्रमरपासून दोन ते अडीच मीटरवर, छातीच्या उंचीला. खोलीच्या बरोबर मध्यावर नको, तिथे बासच्या काही पट्ट्या गायब होतात. भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर ठेवा.

२) बासचा अँप जमिनीवर ठेवू नका, ३०-४० सेंटिमीटर उंच स्टुलावर. कोपऱ्यात तर नकोच, सगळं घुमतं. गिटारचा अँप माइककडे तोंड करून नाही, तिरपा.

३) एक मिनिट वाजवा, ऐका. गिटार मोठी वाटली तर रेकॉर्डरचं बटण फिरवू नका, अँप अर्धा मीटर मागे घ्या. पुन्हा एक मिनिट. तोल वाद्यं हलवून साधायचा. यात तास जातो, जाऊ द्या. दोन चॅनेलमध्ये नंतर दुरुस्ती नाही.

४) पातळी अशी की सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. पहिल्या दहा मिनिटांत ठरवलेली पातळी तासाभराने कमी पडते, कारण रंगात आल्यावर सगळेच मोठ्याने वाजवतात.

५) २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. तासाला साधारण १ गिगाबाइट लागतो. पुष्कळ रेकॉर्डर २ किंवा ४ गिगाबाइटला फाइल तोडतात, तोडताना काही निसटतं का हे आधी तपासा.

६) आल्याबरोबर रेकॉर्डर चालू, निघताना बंद. मधे बंद करायचाच नाही. जुळवाजुळव, चहा, वायर शोधणं, सगळं उतरू द्या. चुकायची युक्ती तीच. लाल दिवा लागला की माणूस सावधपणे वाजवतो, आणि सावध वाजवलेलं या कामात सहसा टाकून द्यावं लागतं.

७) त्याच दिवशी ऐकू नका. दोन-तीन दिवसांनी वही घेऊन एकदाच सलग ऐका. वेळ आणि दोन शब्द, एवढंच लिहा: '४७:१० बास एकटा', '१:१२:३० सगळे थांबले'. तीन तासांतून पंधरा मिनिटं निघाली तर भरपूर झालं. आधीच्या 'मॉन्स्टर मूव्ही' (१९६९) अल्बमवरचं वीस मिनिटांचं 'यू डू राइट' सहा तासांच्या वाजवण्यातून काढलं असं सांगतात.

संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेल, रीपर असेल तर अजून बरं. काप किकच्या सुरुवातीच्या ५ मिलिसेकंद आधी, सरमिसळ १० ते २० मिलिसेकंद. त्याहून लांब केली तर किक दोनदा ऐकू येते.

---

राइनकाठ

माहितीत थोडी भर आणि एक दुरुस्ती.

अल्बमचं नाव इबिझाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या तागोमागो या बेटावरून. 'आउम्गन' म्हणजे आपला ओम्. इंग्रज गूढवादी अ‍ॅलिस्टर क्रोलीने 'अउम्'च्या पुढे आणखी अक्षरं जोडून स्वतःचा मंत्र केला, तो हा. त्यामुळे त्यात भारतीय संगीत शोधायला जाऊ नये, राग नाही, तानपुरा नाही. शब्द मात्र आपल्याकडून तिकडे गेलेला आहे. आणि तो लांबवणारा आवाज दामोचा नाही, इर्मिन श्मिटचा आहे. हे बऱ्याच ठिकाणी चुकीचं लिहिलेलं असतं.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये निर्माता टिओ मॅसेरो जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या टेपवर हेच करत होता. 'इन अ सायलेंट वे' (१९६९) मध्ये सुरुवातीचा भाग नक्कल करून शेवटी पुन्हा जोडलेला आहे. पण तिथे निर्माता काचेमागे बसलेला, कलाकार वेगळे. कॅनमध्ये कापणारा स्वतःच बास वाजवत होता. कुठला तुकडा कशासाठी वाजवला गेला हे त्याच्या बोटांना माहीत होतं. चुकायने त्याआधीच, १९६९ मध्ये, रोल्फ डामर्सबरोबर 'कॅनॅक्सिस ५' हा टेपच्या तुकड्यांवर बांधलेला अल्बम केला होता. ब्लेड त्याच्या हातात नवं नव्हतं.

---

मंद्र

इथे मतभेद नोंदवतो. पहिली तबकडी थोर आहे यात वाद नाही. दुसरीवरचे 'आउम्गन' आणि 'पेकिंग ओ' मिळून २९ मिनिटं नुसते आवाज आहेत. एकच तबकडी काढली असती तर निर्दोष अल्बम झाला असता.

---

लयकारी

मंद्र, मुळात विचार एकाच तबकडीचा होता. श्मिटची पत्नी हिल्डेगार्ड, जी पुढे बँडचा सगळा कारभार बघायची, तिने आग्रह धरला की हे प्रयोगही यायला हवेत. तिचं बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे.

'आउम्गन' ऐकताना ठेका शोधू नका, खोली ऐका. आवाज लांबून येतो, भिंतीवरून परततो, त्यावर टेप-एकोचा दुसरा फेरा चढतो, व्हायोलिन त्यातून वर येतं. खोलीच इथे वाद्य आहे. आणि शेवटाकडे लीबेत्साइटचे ड्रम घुसतात तेव्हा ते इतके अंगावर येतात, कारण त्याआधी इतका वेळ पायाखाली जमीनच नव्हती. ते ड्रम 'हॅलेलुवा'नंतर लगेच आले असते तर काहीच झालं नसतं.

'पेकिंग ओ'मध्ये तर ऱ्हिदम मशीन आहे. १९७१ साली रॉकच्या तबकडीवर यंत्राचा ठेका आणि त्यावर दामोची निरर्थक अक्षरांची सुसाट फेक. यंत्र थकत नाही, गाणाराही थांबत नाही. लीबेत्साइट माणूस असून यंत्रासारखा वाजवतो, इथे खरोखरचं यंत्र शेजारी ठेवून दाखवलं आहे. दोन्हींतला फरक कळण्यासाठी तरी हा तुकडा त्याच अल्बममध्ये हवा.

---

मंद्र

खोलीचा मुद्दा पटला. 'पेकिंग ओ' अजून नाही. पुन्हा ऐकतो.

---

नवी_बासगिटार

'ओ येह'मधलं सुरुवातीचं गाणं उलटं वाजतं आणि बाकीची वाद्यं सुलटी. दोन पदरांवर हे कसं जमतं? सगळंच उलटं व्हायला हवं ना?

---

सांधेजोड

छान प्रश्न. दोन दुपदरी यंत्रांवर हा परिणाम असा मिळतो:

बँडची टेप पहिल्या यंत्रावर रिळं उलटी लावून वाजवा. म्हणजे वाद्यं उलटी ऐकू येतील. गायक ती उलटी वाद्यं ऐकत सुलटं गाणार. दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर उतरवा. आता ही नवी टेप उलटी लावा. वाद्यं दोनदा उलटून सुलटी झाली, गाणं एकदाच उलटलं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. टेप उलटी लावली की डावा पदर उजवा होतो. इथे दोनदा उलटत असल्यामुळे वाद्यं जागेवर परत येतात, पण गाणं तुम्ही डावीकडे ठेवलं असेल तर ते उजवीकडे जाईल. मध्यभागी ठेवलं तर प्रश्नच नाही. आणि गायकाने कुठे सुरू करायचं ते शेवटाकडून मोजायचं असतं. गाण्याची शेवटची ओळ ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी मिळते. शब्दांच्या शेवटी लांबवलेले स्वर उलटल्यावर हळूहळू चढत येतात, म्हणून लांब स्वर घ्यावेत. तोकडे शब्द उलटल्यावर नुसते टोचतात.

हे जुन्या पाव इंची दुपदरी यंत्रांवरच चालतं. घरगुती चौपदरी स्पूल प्लेअरवर टेप उलटी लावली की दुसऱ्याच बाजूचं रेकॉर्डिंग वाजतं. संगणकावर अर्थात गाण्याचा ट्रॅक निवडून उलटा केला की झालं. पण गायकाला वाद्यं उलटी ऐकवूनच गाऊन घ्या. सुलट्या वाद्यांवर गाऊन नंतर उलटलेलं गाणं ठोक्यावर बसत नाही.

---

राइनकाठ

आवृत्तींबद्दल कुणी विचारायच्या आत: २००४ची रीमास्टर आवृत्ती सहज मिळते आणि बास नीट ऐकू येतो. २०११ला चाळीस वर्षांनिमित्त आलेल्या आवृत्तीत १९७२च्या मैफलीचं रेकॉर्डिंग जोडलं आहे, त्यात 'मशरूम', 'स्पून' आणि 'हॅलेलुवा' आहेत. इथल्या विषयासाठी तीच घ्यावी. तबकडीवरचं कापलेलं 'हॅलेलुवा' आणि मंचावरचं न कापलेलं शेजारी ठेवून ऐकलं की ब्लेडने काय केलं ते समजतं. स्टुडिओच्या 'हॅलेलुवा'त दामो मधेच अल्बमवरच्या दुसऱ्या गाण्यांची नावं घेतो, तेही कान देऊन ऐका.

नॉर्वेनिखनंतर बँड वाइलर्सविस्टच्या जुन्या सिनेमागृहात गेला आणि आवाज शोषायला भिंतींवर लष्करी गाद्या लावल्या. पुढच्या 'एगे बाम्यासी' (१९७२) मध्ये खोली कोरडी झालेली लगेच जाणवते.

---

नवी_बासगिटार

सगळ्यांचे आभार. शेवटची एक अडचण. दोन तुकडे आवडले आहेत, पण पहिला १०४च्या लयीत आहे आणि दुसरा १०७च्या. सांधा धक्का देतो. दुसऱ्याचा वेग कमी करू का?

---

सांधेजोड

टेपसारखा वेग बदलला तर सूरही बदलतो. १०७वरून १०४वर आणलंत तर सूर जवळपास अर्ध्या श्रुतीने नव्हे, चांगला अर्ध्या अर्धस्वराने, म्हणजे ४९ सेंटने उतरेल. दोन्ही तुकड्यांत बास एकाच स्वरावर असेल तर सांध्यावर तो बेसूर ऐकू येईल. सूर न बदलता लय ताणणारं सॉफ्टवेअर वापरलंत तर झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात.

त्यापेक्षा रेकॉर्डिंगमध्ये लय १०४वरून १०७वर कुठे सरकली ते शोधा. तिथे दोन्हींच्या मधलं, १०५-१०६चं वाजवणं असणार. त्यातली चार ते आठ आवर्तनं मधे घाला. तीन ठोक्यांची उडी दोन पायऱ्यांत गेली की कानाला चढ वाटतो, धक्का वाटत नाही. तसा तुकडा सापडलाच नाही तर सांध्यावर ड्रम नसलेली जागा घ्या: अँपची घरघर, ऑर्गनचा एक लांब स्वर, चार-पाच सेकंद. ड्रम बंद झाले की कान जुनी लय सोडून देतो. १०७ने पुन्हा सुरू झाले तर नवीच सुरुवात वाटते.

---

लयकारी

आणि तो मधला स्वर तुमच्याच रेकॉर्डिंगमधून घ्या, चहाच्या वेळचा. कीबोर्डवर कोपर टेकलं गेलं असेल तर तेही चालेल. खोली तीच असली पाहिजे.